लालसिंगच्या ट्रॅक्टरचं औषधपाणी

आपला ट्रॅक्टर यंदा तेल खात नाही, उलट तेल देतो, असं लालसिंग अख्ख्या तांड्याला सांगत सुटला होता.

"गाय दूध देते तसं देऊन राह्यला," तो म्हणायचा.

रोज सकाळी तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून बघायचा आणि रोज तेल कालच्यापेक्षा वर आलेलं असायचं. वीसेक वर्षांचा तो ट्रॅक्टर मागच्या मोसमापर्यंत एवढं तेल प्यायचा की बाभुळगावचा तेलवाला लालसिंगला लांबूनच जावयासारखा रामराम करायचा. आता हे असं म्हातारपणी सुधारणं! लालसिंगनं त्याचं सगळं श्रेय स्वतःच्या हाताला देऊन टाकलं.

या चमत्काराचं खरं कारण तांड्यात एकाच माणसाला सगळं मिळून ठाऊक होतं, आणि तो माणूस बोलायला भीत होता.

अनंतराव यवतमाळच्या एका वाचनालयातून निवृत्त झालेले. वडिलांनी घेतलेला जमिनीचा तुकडा तांड्याला लागून होता आणि तो लालसिंग अर्ध्या हिश्श्यानं करायचा. कापूस निघाला की अनंतराव थोडे दिवस तांड्यावर येऊन राहत. "तिथं जाऊन तुम्ही करणार काय? उभे राहाल," असं त्यांच्या पत्नी सुचित्राबाई दरवर्षी म्हणत, आणि अनंतराव दरवर्षी येऊन उभे राहत.

यंदा मात्र नुसतं उभं राहायलाही धीर लागत होता. कापसाचा भाव असा बसला होता की खाजगी व्यापारी गंजीकडे बघून घरातला केर उचलायला आल्यासारखं तोंड करीत. आधार एकच, सरकारी खरेदी केंद्र. तेही शनिवारी बंद होणार होतं. लालसिंगच्या घरचा, त्याचा भाऊ गुलाबसिंगचा आणि अनंतरावांच्या हिश्श्याचा, सगळा कापूस एकाच ट्रॉलीत भरून शनिवारी केंद्रावर पोचवायचा होता. म्हणजे दोन घरांचं वर्ष आणि अनंतरावांची अब्रू त्या एका म्हाताऱ्या इंजिनावर टांगलेली. घरातल्या प्रत्येकाला इंजिनाची काळजी लागली, आणि लालसिंग तर ट्रॅक्टरला कुणाला हात लावू देत नसे. मग काय, ज्यानं त्यानं गुपचूप, रोज थोडे थोडे, औषधोपचार सुरू केले.

आधी आले नेमसिंग, लालसिंगचे वडील. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. त्यांचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. गाडीच्या आसाला एरंडीचं तेल घातलं की आस पिढीभर झिजत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते अनंतरावांच्या खाटेपाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "अनंतभाऊ, बैलाले एरंडी, आसाले एरंडी, लेकराच्या पोटाले एरंडी. मंग इंजिनाले काहून नाही? पुस्तकात काय लिव्हलं हाय?"

अनंतरावांनी खरंच वाचलं होतं. जुन्या काळी विमानांच्या इंजिनांतसुद्धा एरंडेल घालत. "पूर्वी घालत असत," ते म्हणाले, "पण..."

पण पुढचं ऐकायला नेमसिंग थांबले नाहीत. वऱ्हाडात 'पण'साठी कुणी थांबत नाही, आणि अनंतरावांना मागून हाक मारायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुलाबसिंग आला. तो काही दिवस एका गॅरेजात गाड्या धूत होता, म्हणून घरातला इंजिनिअर. टॉर्चच्या संपलेल्या सेलमधल्या काळ्या कांड्या खलबत्त्यात कुटून त्याची पूड तेलात घातली की लोखंड साबणासारखं घसरतं, असं त्याचं शास्त्र. काळी पूड यंत्रांना वापरतात हेही अनंतरावांनी वाचलेलं होतं. फक्त ती वेगळी, आणि अशी कुटलेली नव्हे. तो फरक शब्दांत कसा मांडावा याचा ते विचार करीत होते, तेवढ्यात गुलाबसिंग "म्हंजे चालते" म्हणून उठलाही.

मग लालसिंगची बायको बसंतीबाई. गाडी मोठ्या कामाला निघणार म्हणून तिनं निखाऱ्यावर तूप सोडून भोग लावला होता. वाटीत तूप उरलं होतं. देवाला जे चालतं ते इंजिनाला का चालू नये, हा तिचा प्रश्न. वाफेच्या यंत्रांना जनावरांची चरबी लावीत, हे अनंतरावांच्या तोंडून निसटून गेलं. सुटका व्हावी म्हणून दिलेल्या उत्तरानं त्यांचाच गळा धरला.

तिघांनीही लालसिंगला सांगू नका म्हणून बजावलं. तिघांनाही वाटत होतं की औषध आपलं एकट्याचंच.

अनंतरावांनी एकदा प्रयत्न केला. लालसिंग पट्टी पुसत होता. तेल आपोआप वाढत नसतं, असं त्यांनी शक्य तितक्या सौम्यपणे सुचवलं. लालसिंग हसला. "काका, पुस्तकात सगळं नसते."

आणि शनिवार उजाडला.

ट्रॉली अशी भरली होती की मागून पाहिलं तर पांढरा डोंगरच चाललाय. सगळे वर चढून बसले. पहिला मैल ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. नेमसिंग मिशीत हसले, गुलाबसिंग मिशीत हसला, बसंतीबाईनं डोळे मिटून हात जोडले. तिघंही आपापल्या औषधावर खूश! अनंतरावांनाही वाटलं, न जाणो, असेलही.

चढ लागला आणि धूर सुरू झाला. आधी पांढरा, मग निळा, मग सुतकासारखा काळा. वास असा, की पुढून एरंडेल पाजलेलं लेकरू आणि मागून लग्नाची पंगत. मग पोटातून खडखड असा आवाज आला, एक दणका बसला, आणि इंजिन जाम होऊन बसलं ते बसलंच. मागच्या कापसावर काजळी धरली होती.

बाभुळगावहून बाबाराव मिस्त्री येईस्तोवर ऊन डोक्यावर आलं. त्यानं खालचा बोल्ट काढला. काहीच पडलं नाही. तार घालून ढोसल्यावर पुरणासारखा गोळा बाहेर आला, काळा, चकचकीत, तुपाळ. सगळे वाकून बघायला लागले. आपापलं ओळखू येतं का ते.

"तेलाची चाळणी बुजली. इंजिनाले तेल पोचलंच नाही," बाबाराव म्हणाला. "काय काय टाकलं हो यात?"

आधी कुणीच काही टाकलं नव्हतं. मग गुलाबसिंग म्हणाला की काळ्या पुडीनं असं होऊच शकत नाही, हे एरंडीचं काम. नेमसिंग म्हणाले, एरंडी तीन पिढ्यांची साक्षीदार, गोळा तुपानं धरला. बसंतीबाईनं सासऱ्यांपुढे पदर ओढून घेतला आणि पदराआडून सुनावलं की तूप भोगाचं होतं, भोगाच्या तुपाला कुणी बोट लावू नये. लालसिंग एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढे दिवस दूध देणारी गाय आपण सांगत फिरलो, हे त्याच्या ध्यानात येत होतं. बाबाराव म्हणाला, मला विचारलं असतं तर मी थोडं रॉकेल टाकायला सांगितलं असतं.

नेमसिंग उठले. बैलगाड्या आणतो म्हणाले. सगळ्यांचे चेहरे क्षणभर उजळले. मग त्यांनाच आठवलं की तांड्यातल्या बैलांना दोन दुष्काळांत बाजार दाखवून झाला आहे आणि गाड्यांवर कोंबड्या बसतात. ते पुन्हा खाली बसले.

दुपार कलली तेव्हा एका व्यापाऱ्याचा ट्रक थांबला. त्यानं बोंडाएवढा कापूस चिमटीत घेतला, हुंगला आणि तेलकट वास येतो म्हणाला. काजळीही दाखवली. भाव त्यानं एकदाच सांगितला. घासाघीस करायला लालसिंगनं तोंड उघडलं, रस्त्याकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं आणि मिटलं. ट्रॉली रिकामी झाली. केंद्रावर त्या व्यापाऱ्याचा माणूस सकाळपासून रांगेत उभा होता. म्हणजे कापूस शेवटी वेळेवर केंद्रावर पोचला. फक्त तो आता यांचा नव्हता.

ट्रक गेला. अनंतराव उठले. वाक्य त्यांनी मघापासून जुळवून ठेवलं होतं. तुम्ही विश्वासानं विचारलंत, मला 'नाही' म्हणता आलं नाही, या नुकसानाला मीच जबाबदार. आयुष्यात पहिल्यांदा ते चार माणसांसमोर बोलणार होते.

"बसंतीबाई," ते म्हणाले, "ही सगळी चूक माझ्या..."

बसंतीबाईनं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"तुमी कायले मनाले लावून घेता, काका? मी तं आधी टाकलं, मंग तुमाले इचारलं."

आपलंही तसंच, अशी गुलाबसिंगनं मान हलवली. नेमसिंगांनीही हलवली. दिवसभरात त्या तिघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

अनंतराव खाली बसले. कापूस तर गेलाच होता. निदान अपराध तरी आपला आहे असं वाटत होतं, तोही हातचा गेला.