दादासाहेबांची गोपनीयता समिती

गोपनीयता ही एकट्यादुकट्याने राखायची गोष्ट नव्हे. तिला किमान चार जाणती माणसं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलणारी असावी लागतात. मोठमोठ्या शहरांना हे अजून उमगलेलं नाही. पुण्याजवळच्या चऱ्होलीत मात्र ते पूर्वापार अमलात आहे. म्हणूनच तिथल्या दादासाहेबांनी व्हीपीएन घ्यायचं मनात आणलं, तेव्हा गावाने ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली.

दादासाहेब साठी ओलांडलेले, विधुर. शेताच्या जागी आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि ज्या बांधावर बसून ते न्याहारी करायचे तिथे कुणाचा तरी पोहण्याचा तलाव झाला आहे. घरात मुलगा, सून मोनिका, नातवंडं असं सगळं भरलेलं. माणसांना तोटा नाही, फक्त बोलायला कुणी मोकळं नाही. एका दुपारी त्यांनी दुसऱ्या लग्नाची स्थळं दाखवणारी एक साइट उघडली (चष्मा पुसून, दार लावून). तिथे त्यांना चिंचवड गावठाणातल्या चतुराबाई दिसल्या. निवृत्त परिचारिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःबद्दल बाईंनी एकच ओळ लिहिली होती: 'संध्याकाळचा चहा एकटीने पिणं आता पुरे झालं.'

दादासाहेबांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यांना उत्तर लिहायचं होतं. पण घरात, भावकीत, गावात कुणाला कळता कामा नये. कळलं तर या वयात हसं होणार, आणि सुनेला तोंड कसं दाखवायचं? त्यात घरचं वायफाय मुलाच्या नावावर. कोण काय बघतं ते मालकाला दिसतं, असं ते ऐकून होते.

त्यांचा पुतण्या जयदीप चाकणच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तो म्हणाला, "काका, व्हीपीएन घ्या. फोनमधनं निघालेलं सगळं बोगद्यातनं जातं, बाहेरच्याला काय दिसत न्हाई. फक्त कंपनी विश्वासू पायजे."

गाडी अडली ती इथे. विश्वासू या शब्दाची चऱ्होलीत एकच व्याख्या आहे: ज्याचा मामा आपल्याला ठाऊक आहे, तो. आणि असली चौकशी एकट्याने करायची पद्धत नाही. सबब समिती नेमणे प्राप्त झाले. अध्यक्ष मारुतराव, भावकीतले थोरले. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली (उरलेली मोडलेली). वेग या विषयासाठी धोंडीबा, कारण बैलगाडा शर्यतीतला त्यांचा शब्द पंचक्रोशी मानते. शिवाय शालनबाई, महिला प्रतिनिधी म्हणून, आणि त्यांच्या नकळत गावात काही करता येतं असा अनुभव नाही म्हणूनही.

पहिल्याच बैठकीत मारुतरावांनी मुद्द्याला हात घातला. "लपवायचं काय हाय?"

"तेच तर लपवायचंय, मारुतराव."

"व्हय, पर मापाबिगर कुलूप आणायचं कसं?"

माप देणं भाग होतं. दादासाहेबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, फक्त समितीला. समितीने गुप्ततेची शपथ घेतली. ती शपथ घरच्यांकडून चुकून मोडू नये म्हणून प्रत्येक सदस्याने घरी जाऊन, नेमकं काय बोलायचं नाही, ते नीट समजावून सांगितलं.

मग कंपन्यांची छाननी सुरू झाली. पहिली पनामातली. तिकडे कुणाची सोयरीक नाही. धोंडीबांचा मेहुणा दुबईला असतो, पण तो म्हणाला, पनामा आपल्या वाटेवर नाही. कंपनी बाद.

दुसरी स्वित्झर्लंडची. तिची जाहिरातच होती: 'आम्ही ग्राहकाची कोणतीही नोंद ठेवत नाही.' समिती सुन्न झाली. ज्या गावात एका नोंदीपायी बांध गेले, विहिरी गेल्या, सख्ख्या भावांनी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तिथे येऊन हा गृहस्थ नोंद ठेवत नसल्याची फुशारकी मारतो! "उद्या म्हणंल, दादासाहेब म्हणून आमचं गिऱ्हाईकच न्हाई. मग काय करायचं?" मारुतराव म्हणाले. कंपनी बाद, आणि वर निषेधाचा ठराव.

मुंबईत सर्व्हर असलेली कंपनी चांगली निघाली होती, पण शनिवार-रविवार घाट तुंबतो यावर धोंडीबांनी बोट ठेवलं. जयदीपने सांगून पाहिलं, की हे सगळं केबलमधून जातं. "केबल रस्त्याच्या कडंलाच पुरतात ना? मग खोदकाम कुठं चाललंय ते बघून आलास का?" तीही कंपनी बाद. सिंगापूरची कंपनी मतदानाविनाच बाद झाली, कारण मारुतरावांनी नकाशावर बोट फिरवलं तेव्हा ते चाकणच्या चौकातून गेलं, आणि तिथून शिफ्ट सुटताना मुंगीसुद्धा पुढे सरकत नाही. फुकटवाली शालनबाईंनी उडवली. "फुकाट कोण कुणाचं गुपित सांभाळतं गं बाई? आमी सांभाळतो ते नात्यापायी."

अंतिम निष्कर्ष: तपासलेल्या कंपन्यांपैकी शंभर टक्के कंपन्यांच्या मालकाचा मामा अज्ञात.

तेव्हा घरचाच व्हीपीएन काढायचं ठरलं. दादासाहेबांच्या फोनमधलं सगळं जयदीपच्या पडवीतल्या कॉम्प्युटरमधून जाईल. बोगद्यात कुणी परका शिरला तर कळायला हवं, म्हणून फोनचा पडदा पडवीतल्या मोठ्या टीव्हीवर दिसेल अशी सोय केली. बाहेरच्याने वाचू नये यासाठी आतल्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचत राहायचं, हे सुरक्षेचं साधं सूत्र आहे. समितीने पाळ्या लावल्या. पाळी नसलेलेही येऊ लागले, इतकी या विषयाची तळमळ.

बोगदा तयार झाला एवढंच कळल्याने दादासाहेब निर्धास्त झाले. संध्याकाळी दार लावून त्यांनी लिहायला घेतलं. 'आदरणीय चतुराबाई' लिहिलं, 'आदरणीय' खोडलं. मग बराच वेळ थांबून लिहिलं: 'मलाही एकट्याने जेवण जात नाही.' पडवीत धोंडीबांनी डोळे पुसले. शालनबाई म्हणाल्या, "गप बसा रं, लिवू द्या त्याला."

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. जयदीप होता. "काका, 'जेवण जात नाही'च्या जागी 'घास गोड लागत नाही' घाला, असं सुचवलंय. आन् मारुतराव म्हणतेत, उरलेल्या जमिनीचा उल्लेख न्हाई."

"कुणी सुचवलंय?"

"पडवीनं."

जयदीपच्या मागेच मोनिका उभी होती. ती समजुतीने म्हणाली, "बाबा, आहे तसंच पाठवा. छान लिहिलंय."

सून चांगलंच बोलली, पण दादासाहेबांचे कान तापले. जन्मात एकच ओळ त्यांनी आपल्यापुरती लिहिली होती, आणि तिला दुरुस्त्या आल्या होत्या. त्यांनी ती खोडली, अंधारात पडून राहिले आणि लहान पोरासारखे रडले. (रडणं फोनच्या पडद्यावर उमटत नसल्याने समितीला याची नोंद करता आली नाही.)

सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, फोनवर भजन लावून तो फडताळात ठेवला आणि चिंचवडची बस पकडली. इकडे पडवीत दिवसभर भजन चालू होतं. 'दादासाहेब घरीच असून भक्तिमार्गाला लागले आहेत' असा शेरा पंचांच्या सह्यांनिशी नोंदवला गेला. व्यवस्था अशी चोख चालली.

दिवेलागणीला दादासाहेब बसमधून उतरताना दिसले आणि गावात हाहाकार उडाला. कुठं गेलता, असं मारुतरावांनी विचारलं. दादासाहेब म्हणाले, "जरा चक्कर मारली." पुढे अवाक्षर नाही. चेहऱ्यावरूनही काही कळेना. शालनबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. धोंडीबा दुसऱ्या दिवशी चिंचवडला चौकशीला गेले, पण चतुराबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

आणि आपण, वाचक? ज्या माणसाला कुणालाच काही कळू द्यायचं नव्हतं, त्याचं सगळं, त्याने खोडलेल्या शब्दासकट, आपण वाचलंत, आणि चिंचवडला काय झालं ते तो सांगत नाही म्हणून आत्ता मनातल्या मनात चिडलात. संकोच करू नका. पडवीत या. लोक सरकून जागा करतील.