नाना महाजनांची हद्द

नाना महाजन रोज सकाळी ओटा झाडतात आणि बरोबर मध्यावर येऊन थांबतात. तिथे दोन फरश्यांमध्ये एक फट आहे. फटीच्या अलीकडचा कचरा नानांचा, पलीकडचा सुभाषरावांचा. फटीत अडकलेला कचरा ते काडीने उकरून काढतात, डोळे बारीक करून त्याचे दोन भाग करतात, आपला भाग सुपलीत भरतात आणि उरलेला तिथेच ठेवून घरात जातात.

सुभाषराव हे नानांचे सख्खे धाकटे भाऊ. मी समोरच राहतो. खालच्या खोलीत माझं ऑनलाइन सेंटर आहे, म्हणजे लोकांचे फॉर्म भरणं, जमिनीचा खसरा म्हणजे तुमच्याकडचा सातबारा काढून देणं, बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बसणं, हे माझं काम. गिऱ्हाईक नसलं की मी दारात उभा राहतो, त्यामुळे हा सोहळा मला रोज फुकटात बघायला मिळतो.

वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. तापीकाठची केळीची जमीन अर्धी अर्धी. घराच्या मधोमध विटांची भिंत. जिना सामाईक. भांडण कशावरून झालं ते मी दोघांनाही विचारून बघितलं आहे. नाना म्हणतात, ठिबकच्या पाइपवरून. सुभाषराव म्हणतात, पाइपचं काही नाही हो, बोलण्यावरून. त्या दिवसापासून बोलणंच बंद आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटायचा राहून गेला आहे.

"हद्द मंजे हद्द," हे नानांचं ब्रीदवाक्य. नानांच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी भिंतीपलीकडे गेली आहे. तिच्या शेंगांना नाना हात लावत नाहीत. त्या ज्या हवेत लोंबकळतात ती हवा सुभाषरावांची. शेतात तर विचारूच नका. आमच्याकडे नांगरताना बांध चार बोटं कोरायचा हा रिवाजच आहे, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. नाना मात्र आपल्याच बाजूची हातभर जमीन पडीक सोडतात, का तर चुकून फाळ पलीकडे जायला नको. सुभाषरावांचं नावसुद्धा ते घेत नाहीत. 'पलीकडचा' म्हणतात.

कॉम्प्युटर वाटणीच्या आधी घेतलेला होता. तो कापून वाटता येईना आणि दोघांपैकी एकही सोडायला तयार होईना. शेवटी नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जितूभाऊ, याच्यातबी भिंत घालून दे." मी हार्ड डिस्कचे दोन भाग करून दिले. आमच्या धंद्यात अशा भागाला व्हॉल्यूम म्हणतात. एकाला नाव दिलं नाना, दुसऱ्याला सुभाष. कॉम्प्युटर जिन्याखाली ठेवला, कारण जिना सामाईक. सकाळी नाना बसणार, दुपारी सुभाषराव. माउस ज्याचा त्याने घरून आणायचा.

एका गोष्टीला मात्र हद्द घालता आली नाही. सुभाषराव रोज संध्याकाळी पेटी घेऊन भजनं म्हणतात. गळा चांगला आहे, खोटं कशाला बोला. नाना येऊन माझ्याकडे तक्रार करायचे की पलीकडच्याचा आवाज माह्या हद्दीत येतो. आणि पेटी सुरू झाली की खुर्ची उचलून भिंतीला टेकवून बसायचे. मी विचारलं, नाना, त्रास होतो तर जवळ कशाला बसता? म्हणाले, किती येतो ते मापायला.

तर एकदा सुभाषराव आणि वहिनी लेकीकडे रावेरला गेले होते. सकाळी मी दुकान उघडत होतो तेवढ्यात नाना घाईघाईने आले, आणि फटीच्या पलीकडच्या बाजूने ओटा उतरून आले. मी हातातलं कुलूप तसंच धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

"जितूभाऊ," ते म्हणाले, "माह्या हातून बांध मोडला."

झालं असं होतं की नानांचा व्हॉल्यूम भरला होता. कॉम्प्युटर रोज लाल पट्टी दाखवून सांगायचा, जागा नाही. म्हणून मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघून नानांनी डिस्कचा नकाशा उघडला. तिथे दोन चौकोन शेजारी शेजारी, मध्ये एक रेघ. नानांना वाटलं, हा आपला बांध. थोडा वेळ पुसायचा, आपल्याच बाजूला कुठे रिकामी जागा पडली आहे का ते बघायचं आणि होता तिथे परत घालायचा. रेघ काही पुसली जाईना, म्हणून त्यांनी रेघेला लागून जे होतं त्यावर बटण दाबलं. कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. सभ्यपणे विचारतो आहे म्हणून नानांनी हो म्हटलं. सुभाषरावांचा चौकोन काळा पडला.

त्यात काय काय होतं हे मला माहीत होतं, कारण मीच ते भरून दिलं होतं. भजनांच्या वह्या उतरवलेल्या होत्या, केळीचे हिशेब होते, आणि लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो. फोटोग्राफर दुकान बंद करून इंदूरला निघून गेला होता. दुसरी प्रत नव्हती.

"तो म्हनंल, नानानं बांध कोरला," नाना म्हणाले. "जमीन नाही भेटली त पोरीचं लगन पुसलं. कोर्टात जाऊ दे मले, जेलात जाऊ दे. पण हे त्यानं मनात आणलं त मी जगू कसा?"

मी त्यांना पाणी दिलं आणि त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. नाना, केळी अजून शेतात उभी आहेत. फक्त खसऱ्यातून नाव उडालं आहे. त्यात नवीन काही पेरलं नाहीत ना? नाही म्हणाले, लगेच बटण बंद केलं आणि वरून चादर टाकली. मग मिळेल, असं मी म्हटलं. मनातून मला खात्री नव्हती.

डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर चालू केलं आणि सापडेल ते उतरवायला शेजारी दुसरी डिस्क जोडली. ज्या डिस्कवर हरवलं त्याच डिस्कवर परत लिहायचं नसतं. नाना स्टूल घेऊन बसले. जेवायला हलले नाहीत. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दुपार कलल्यावर सुभाष हे नाव पडद्यावर आलं, आणि त्याच्याखाली फोल्डर एकेक करून उगवायला लागले.

नानांनी ताबडतोब स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"बघा की नाना. फोटो नीट उघडतात का ते तपासायचं आहे."

"तू तपास. तो माल पलीकडचा हाये."

लग्नाला नाना गेले नव्हते. पत्रिका आली होती, पण टपालाने. भिंतीपलीकडच्या माणसाने पोस्टमनच्या हातून पत्रिका धाडली, यावर नाना अडून बसले. लग्नाच्या दिवशी नवा पांढरा सदरा घालून ते दिवसभर आतल्या खोलीत होते, एवढं त्यांच्या घरातूनच मला कळलं होतं.

मी एकेक फोटो उघडून सांगत गेलो. हळद लागते आहे, चांगला आहे. वरात, चांगला आहे. दोन-तीन फोटो अर्धे राखाडी निघाले, बाकी सगळे धड. नाना भिंतीकडे बघत मान हलवत होते. मग हळूच विचारलं, "पोरीनं शालू कोणत्या रंगाचा नेसला व्हता?"

"डाळिंबी, नाना."

"हं," म्हणाले आणि उपरण्याने नाक पुसलं.

हे सगळं नव्या डिस्कवर उतरत होतं तेवढ्यात मी नानांचा व्हॉल्यूम उघडला. मला राग आला होता, खरं सांगतो. केळीचे भाव आणि हवामान बघणाऱ्या माणसाची एवढी जागा भरली कशाने? आत नुसती रेकॉर्डिंग होती. मोबाईलवरून उतरवलेली, खच्चून भरलेली. मी त्यातलं एक लावलं. भिंतीपलीकडून येते तशी दबकी पेटी वाजू लागली, मग सुभाषरावांचा गळा, आणि मध्येच अगदी जवळून नानांचा खोकला.

मी नानांकडे बघितलं. त्यांनी पाठ फिरवलेलीच होती.

"माह्या हद्दीत आलेला आवाज हाये तो," ते म्हणाले. "चोरीचा नाही."

"अहो, पण रोजच तर ऐकू येतो. साठवता कशाला?"

"तो गावाले गेला की येत नाही ना."

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

दोन दिवसांनी सुभाषराव परतले. नानांनी हट्ट धरला की झालं ते जसंच्या तसं, आपल्यासमोर सांगायचं. मी ओट्यावर फटीवर उभा राहिलो, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि सांगितलं. व्हॉल्यूम कसा पुसला गेला, कसा मिळाला, नाना भिंतीकडे तोंड करून कसे बसले. शालूचं सांगितलं. रेकॉर्डिंगचं सांगू नको असं नानांनी बजावलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे आमच्या सगळ्या लोधीपुरा मोहल्ल्याला ठाऊक आहे. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. सुभाषराव तडक घरात गेले. मी म्हटलं, गेलं प्रकरण कोर्टात.

संध्याकाळी भिंतीपलीकडून पेटी वाजली नाही. नाना खुर्ची टेकवून वाट बघून बाहेर आले. तेवढ्यात सुभाषराव सतरंजी आणि पेटी घेऊन ओट्यावर आले. सतरंजी आपल्या बाजूला घातली, पेटी समोर ठेवली आणि भाता उघडला.

नाना वाकले. फटीजवळ हात नेला, बोटं लावून मापलं.

"जितूभाऊ," ते मला म्हणाले, "पेटी चार बोटं माह्या हद्दीत आली."

सुभाषरावांचा हात पट्ट्यांवर थांबला. ते पेटी मागे ओढायला लागले, तर नानांनी तिच्यावर हात ठेवला आणि गुडघे धरत तिथेच फटीलगत खाली बसले.

"राहू दे, सुभाष," ते म्हणाले. "म्हन तू. आणि मंग मले पोरीचे फोटो दाखव."