घेटुळीची पंगत

वैभवीच्या संशोधनाचा विषय त्या रविवारी तरणार होता किंवा बुडणार होता. घेटुळी या रानभाजीच्या काढ्यानं लघवी मोकळी होते आणि पोट साफ होतं, हे देवासच्या त्यांच्या गल्लीत कोणीही सांगितलं असतं. पण तिचे मार्गदर्शक फत्तेसिंग सर यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. सगळा मनाचा खेळ आहे, सिद्ध करून दाखव, नाहीतर उद्या विषय बदल, असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून उमाआत्याच्या ओसरीवर चाचणी मांडली. उजवीकडच्यांना खरा काढा, डावीकडच्यांना तसल्याच रंगाचं नुसतं कडू पाणी. कोणाला काय, हे लोकांना सांगायचं नाही. सर मात्र मुद्दाम पाण्याच्या बाजूला मांडी घालून बसले. वाढायचं काम अर्थात आत्याकडे, कारण तिच्या हातचं नसेल तर गल्ली काढ्याला तोंड लावायला तयार नव्हती. वैभवीनं तिला दोन पातेली समजावून दिली. आत्यानं दोन्ही चाखली आणि मान डोलावली. वाढताना तिनं आग्रहही सोडला नाही. पाहुणे म्हणून सरांना दुसरा पेला घ्यायला लावला.

थोड्या वेळानं उजवी बाजू उठली. वैभवी हरखली. मग डावी बाजूही उठली. घरात संडास एकच. शेजारच्या अंशुलनं आपल्याकडचा उघडून दिला, तरी रांग अंगणात आली. लघवी मोजायला दिलेल्या मापाच्या बाटल्यांची अदलाबदल झाली आणि एरवी ‘आप पहले, भिया’ म्हणणारी माणसं एकमेकांना कोपरानं ढकलू लागली.

"बघ," सर समाधानानं म्हणाले, "नुसतं पाणी पिऊनसुद्धा लोक पळताहेत. तुझ्या घेटुळीचा मामला खतम."

वैभवीचे डोळे भरून आले. तेवढ्यात सरांनी पोटावर हात ठेवला आणि रांग मोडून ते आत शिरले.

वैभवी आत्याकडे वळली. "आत्या, डावीकडे काय वाढलंस?"

"काढाच की. ते दुसरं पाणी नालीत ओतलं, काढा आणखी उकळला. एका पंगतीत एकाला औषध आणि शेजारच्याला खोटं पाणी? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून नाही व्हायचा. सगळ्यांना बराबर दिलं."

वैभवीनं कपाळाला हात लावला. चाचणी पार पाण्यात गेली होती. मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं: आपण नुसतं पाणी प्यालो याची पक्की खात्री असलेला एकमेव माणूस आत्ता आत बसला होता. त्याचं मन तर उलटीच ग्वाही देत होतं, तरी घेटुळीनं त्याला उठवलं होतं. तिला घेटुळीचं कौतुक वाटलं आणि आत्याचं त्याहून जास्त.

तिनं दाराशी जाऊन सरांना सगळं सांगितलं.

"विषय तोच ठेव," आतून सरांचा आवाज आला, मघापेक्षा पुष्कळ नरम. "चाचणी मात्र पुन्हा कर."

"वाढायला दुसरं कोणी बघू, सर?"

"नको, आत्याबाईच असू देत. फक्त लोकांना आपापल्या घरी बसव, म्हणजे पंगत होणार नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि आत्याबाईंना विचार, मला घरी न्यायला थोडा काढा उरलाय का. कित्येक दिवसांनी इतकं बरं वाटतंय."