पुढे गाडी, मागे ट्रॅक्टर

आमच्या उत्तमआप्पांची गाडी कधीच एकटी घराबाहेर पडत नाही. पुढे ती लांबलचक काळी जर्मन गाडी, मागे पन्नास पावलांवर माझा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर दोराचं भेंडोळं आणि भेंडोळ्याशेजारी कपाळाला आठ्या घालून मी. शहाद्याच्या रस्त्यावर आमची ही मिरवणूक निघाली की पानटपरीवरची माणसं हात वर करून विचारतात, "काय भाऊ, आज जाताना का येताना?" म्हणजे गाडी आज जाताना बंद पडणार की येताना. मला तरी कुठे माहीत असतं?

आप्पा ब्राह्मणपुरीतले माझे शेजारी. वय पासष्टीच्या पुढे, अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आवाज मऊ. जिजी, म्हणजे त्यांच्या मंडळी, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीत. घरात आप्पा एकटे आणि ओसरीपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही गाडी. शेड खरं तर बैलांची. बैल गेले, गव्हाण फोडली आणि त्या जागी ही बाई आणून उभी केली. सुरतेच्या एका कापडवाल्याने दहा वर्षं वापरून टाकून दिलेली. 'टाकून दिलेली' हा माझा शब्द. आप्पा म्हणतात, "सेठनी मोठं मन करीसनी दिधी." त्यालाही आता नऊ वर्षं होऊन गेली.

आप्पांच्या तोंडी 'बिघडली' हा शब्द येत नाही. "गाडी बिघडत नही, भाऊ. ती नाराज व्हस." काच खाली गेली आणि वर येईना, जराशी नाराज. एसीतून भट्टीसारखी गरम हवा यायला लागली, नाराज. एकदा सारंगखेड्याच्या पुलावर बोनेटमधून धूर निघाला. मी ट्रॅक्टरवरून ओरडतोय, "आप्पा, उतरा! पेटी जाई ती!" आणि हे आपले शांतपणे खाली उतरून बोनेटवर हात फिरवत म्हणतात, "आज जास्तीच नाराज शे." अहो, नाराज काय! पुलावर दोन्ही बाजूंनी ट्रकांची रांग लागली होती आणि ट्रकवाले माझ्या सात पिढ्या काढत होते.

या गाडीला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. पिशवी गळाली की गाडी हळूहळू बसते, अगदी म्हैस बसावी तशी. मग इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं वाट पाहायची, तेव्हा ती उठते. प्रकाशा गावच्या एका लग्नात ती नेमकी मांडवाच्या दारात बसली. मागून नवरदेवाची वरात आली. बँडवाले वाजवून वाजवून दमले. शेवटी नवरदेवाला शेजारच्या उकिरड्यावरून आत न्यावं लागलं. मुलीचा बाप तावातावाने आला तर आप्पा काचेतून त्याला म्हणाले, "पाच मिनिट, पाव्हना. उठी ऱ्हायनी."

तिच्या सीटांनाही फार अक्कल. बाजूच्या सीटवर काही वजन ठेवलं की तिला वाटतं माणूस बसला, आणि पट्टा लावा म्हणून ती किंचाळत सुटते. एकदा आप्पा आठवडेबाजारातून मोठं थोरलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेऊन निघाले. दोन किलोमीटर टूं टूं ऐकलं, मग गाडी थांबवून डांगराला पट्टा बांधला. माझी बायको वाटेत भेटली, तिने ते पाहिलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही आते त्या गाडीसंगेच लगीन करी ल्या." डांगराशी माझा काय संबंध? पण ट्रॅक्टर माझा, म्हणून बोलणीही मलाच.

आणि खर्च! पुढचा एक दिवा फुटला, तेवढ्या पैशांत दुभती म्हैस आली असती. हवेची एक पिशवी म्हणजे माझ्या पपईच्या बागेचं अख्खं ठिबक. शहाद्याचे युसूफ मिस्त्री, ज्यांच्या घरात आजोबांपासून गॅरेज, त्यांनी खास या एका गाडीसाठी तपासणीचं मशीन घेतलं. मशीन लावलं की पडद्यावर चुकांची यादी सरकायला लागते. ती संपेपर्यंत मिस्त्री चहा पिऊन येतात. "आप्पा," ते म्हणतात, "ये गाडी नहीं, जावई है. जितना करो, मुंह फूला का फूला." आप्पा हसतात आणि पैसे देतात. शर्टाची कॉलर उसवलेली, पायात दोनदा शिवलेली चप्पल, पण गाडीसाठी सुटा भाग मात्र अस्सलच हवा. "डुप्लिकेट नको, मिस्त्री. इज्जतना प्रश्न शे."

कोणाची इज्जत, कसली इज्जत, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या वर्षी होळी झाली आणि गाडीने कळसच केला. शहाद्याहून येताना गिअर अडकला, आणि अडकला तो उलटा. गाडी फक्त मागे जायला तयार. दोर काढा म्हटलं तर आप्पा म्हणाले, "चालू शे ना ती? मंग दोर कसाले?" आणि उलट्यातच वळवून, तोंड शहाद्याकडे, पाठ घराकडे अशी तीन किलोमीटर गाडी त्यांनी उलटी आणली. मी मागून ट्रॅक्टरवर. म्हणजे आम्ही दोघं नवरा-नवरीसारखे समोरासमोर. आप्पांची मान मागे वळलेली, आणि अधूनमधून पुढे पाहून मला हसून दाखवायचे. मला हसू येत नव्हतं. बागेत पाण्याची पाळी माझी होती आणि मी इथे ही वरात काढत होतो. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या मानेला पट्टा आला.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स खोलून पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. नवा भाग बाहेरून मागवायचा, महिना लागणार, आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. "आप्पा, अब इसको माफ कर दो," ते म्हणाले.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, बास. आता ही बला मीच गावाबाहेर काढतो. सुरतेला जुन्या महागड्या गाड्या सुट्या भागांसाठी घेणारा एक दलाल शोधून काढला. त्याने चांगला भाव सांगितला. आप्पा म्हणाले, "पाहू." दलाल आला. आप्पा म्हणाले, कागद सापडत नाहीत. दुसऱ्यांदा आला. आप्पा म्हणाले, कागद मुलाकडे पुण्याला गेलेत. तिसऱ्यांदा आला तेव्हा आप्पा घरीच नव्हते. मळ्यात लपून बसले होते. दलाल मला म्हणाला, "तमे मजाक करो छो के शुं?" आणि तोंड वाकडं करून निघून गेला.

मी तसाच मळ्यात गेलो, आप्पांना धरून घरी आणलं. वयाने मोठा माणूस, पण मी आवाज चढवलाच. "आप्पा, गाडी तुमनी शे. ईकनी नही ते तसं तोंडवर सांगा! मन्हा जीव कसाले खातस?"

आप्पांनी कपाट उघडलं, जिजींच्या साडीच्या घडीखालून गाडीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "वाच."

मालकाच्या नावाच्या जागी 'सुमनबाई' होतं.

"गाडी मन्ही नही शे, भाऊ," आप्पा म्हणाले. "सुमननी शे."

सुमन ही त्यांची धाकटी बहीण. म्हसावदला दिलेली. मी शेजारी राहायला आलो ते गाडी आली त्याच वर्षी. सुमनताईंना कधी पाहिलं नव्हतं, आणि का पाहिलं नव्हतं हे त्या दुपारी कळलं. नऊ वर्षांपूर्वी आप्पांनी रस्त्याकडेचं वडिलांचं वावर विकलं. वावरात सुमनचाही वाटा. रजिस्ट्री ऑफिसात तिला बोलावलं, सांगितलं, "सही कर." दादाने सांगितलं म्हणून तिने केली. कशाची सही, हे तिने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. पण आप्पांच्या मनात पाप नव्हतं. तिच्या वाट्याच्या पैशांत ही गाडी तिच्या नावावर घ्यायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. गाडीचे कागदही त्याच गठ्ठ्यात सरकवून त्यावरही तिच्या सह्या घेतल्या. सुमनची पाठवणी टेम्पोत, हंड्या-पातेल्यांच्या मध्ये बसवून झाली होती. आता तिला साहेबिणीसारखी माहेरी आणायची, हा त्यांचा बेत. गाडी घेऊन मोठ्या हौसेने म्हसावदला गेले. चावी तिच्या हातात ठेवली.

तिने चावी ओट्यावर ठेवली. "वावर ईकं, आन् माले इचारं बी नही? तू सांगता ते मी हासीसनी सही करती, दादा." आणि आत निघून गेली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येतेच. सुमनताई नऊ आखाज्या आल्या नाहीत.

"आते गाडी ईकानी म्हंजे तिनी सही पाहिजे," आप्पा म्हणाले. "एक डाव न सांगता सही लिधी. आते दुसरी सही कोनता तोंडे मांगू?"

खरं सांगतो, माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोड करून दिली, मी त्यांना एकेक साडी घेतली आणि वर उपकार केल्यासारखं जेवू घातलं. मला एक दिवसही झोप कमी लागली नाही. त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "म्हंजे एक सही मांगानी लाज वाटस म्हनीसनी तुम्ही मन्हा ट्रॅक्टर नऊ वरीस जुंपा!" मी ओरडलो. "उठा! चला म्हसावदले!"

मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. गाडी विकायचा फॉर्म माझ्या खिशात. म्हसावद आलं तसे आप्पा स्टँडवर उतरले आणि बाकावर बसले. "तू जाय. मी आठेच बठस." पुढे एक पाऊल टाकायला तयार नाहीत. शेवटी मी एकटाच गेलो.

सुमनताई अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उलटवत होत्या. पन्नाशीच्या, आप्पांसारखंच नाक. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "ट्रॅक्टरवाला ना तुम्ही?" मी चाटच पडलो. "प्रकाशाले बठनी व्हती ना ती, लगीनमा? आन् परोनदिन उलटी चालनी म्हने." त्यांना सगळं ठाऊक होतं. इकडे गाडी कुठे शिंकली तरी तिकडे म्हसावदला कळत होतं.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मागचं पानही वाचलं. मी उभाच.

"दादा कोठे शे?"

"स्टँडवर."

"कसाले? घर माहीत नही का त्याले?"

फॉर्म घडी करून त्यांनी मला परत दिला, डोक्यावरून पदर घेतला आणि चालू लागल्या. मी मागे.

बहिणीला येताना पाहून आप्पा उठून उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. ताई समोर जाऊन थांबल्या. स्टँडवर बसची वाट बघणारी चार माणसं होती, ती पाहत राहिली.

"सुमन," आप्पा म्हणाले. "गाडी ईकू का?"

ताईंनी विचारलं, "काय व्हयनं तिले?"

आप्पा सांगू लागले. हवेच्या पिशव्या, त्या भरणारा पंप, दिवा, काच, किंचाळणारी सीट. मी हे सगळं शंभर वेळा ऐकलेलं आणि शंभर वेळा उठून गेलेलो. ताई मात्र मान हलवत शेवटपर्यंत ऐकत होत्या. गिअरपाशी आल्यावर आप्पा अडखळले. "गिअर... सुमन, मी तुले न इचारता..."

"गाडीनं सांग," ताई म्हणाल्या. पदराने त्यांनी आपले डोळे टिपले, मग त्याच पदराने आप्पांचे. "ईकू नको. मन्ही शे ना ती?"

आप्पांनी मान डोलावली.

"आखाजीपावत तयार हुई का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. भाग यायलाच महिना लागणार होता आणि आखाजी अठरा दिवसांवर होती. गाडीपेक्षा महागडा तो भाग घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मीच दलालासमोर तीनदा बोललो होतो. खिशातल्या फॉर्मची घडी मी मुठीत चुरगळली.

"हुई, ताई," मी म्हणालो. "कशी नही हुई?"