सोनवणे नानांचं चेकिंग

आमच्या इमारतीत पाव किलो हिरव्या मिरच्या आणल्या तरी त्या कुणाकडून घेतल्या हे सोनवणे नानांना सांगावं लागतं. नाना तळमजल्यावर राहतात. त्यांचं दार जिन्याच्या तोंडाशी आहे आणि दारात एक प्लास्टिकची खुर्ची. ती रिकामी दिसली म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये, कारण अशा वेळी नाना दाराच्या फटीमागे उभे असतात. माणूस पहिल्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज येतो, “पिशवीमा काय शे?”

मी मूळची चिपळूणची. सिल्वासात सरकारी शाळेत शिकवायला आले तेव्हा नानांची अहिराणी मला अर्धीमुर्धीच कळायची. पण पिशवीत काय आहे असं ते विचारताहेत हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण उत्तर मिळेपर्यंत त्यांनी मला वर जाऊ दिलं नाही. पिशवीत वांगी होती. नानांनी त्यातलं एक उजेडात फिरवून पाहिलं, परत ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाले, “यामा काहीतरी शे.” मी घरी जाऊन एकूण एक वांगं चिरून पाहिलं. एकात अळी निघाली. तेव्हापासून मी नानांच्या संशयाला हसते, पण जरा बेतानं.

त्यांना कशातही काहीतरी दिसतं. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की नाना आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग सिलिंडरकडे. गणपतीत मी मोदक नेऊन दिले तर ते न घेताच विचारलं, काम काय आहे. काही काम नाही म्हटल्यावर तर त्यांचा संशय पक्काच झाला. मोदक त्यांनी घेतले, पण पुढचा आठवडाभर मी काय मागते याची वाट बघत राहिले.

एकदा इमारतीतले आम्ही सगळे वासोण्याला सिंह बघायला गेलो होतो. जाळीच्या गाडीतून फेरी झाली, मुलं खूश झाली, आणि उतरल्यावर नानांनी सगळ्यांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात सांगितलं की आपल्याला फसवलंय, एकच सिंह दोनदा दाखवलाय. पहिल्याचा आणि दुसऱ्याचा डावा कान सारखाच फाटलेला होता म्हणे. त्यानंतर कुणालाच कुल्फी गोड लागली नाही.

हे सगळं कुठून आलं ते उघड आहे. जवळच्या मसाट गावी धाग्याच्या एका कंपनीच्या गेटवर नानांची सगळी नोकरी गेली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्याचा डबा उघडायचा, खिसे चाचपायचे, चेहरा वाचायचा. कंपनीनं त्यांना निवृत्त केलं तेव्हा सगळं जमा करून घेतलं, चेकिंग तेवढं त्यांच्याकडेच राहिलं. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा सुरतेला असतो. तो सणासुदीला फोन करतो आणि नाना त्यालाही विचारतात, आज कसा काय फोन केलास.

अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर, कोमल राहते. तिचे वडील साक्रीकडचे, इथे कंपनीत कंत्राटावर आहेत. कोमल फोटोग्राफीचा डिप्लोमा करते. वडिलांनी तिला जुना वापरलेला कॅमेरा घेऊन दिला, तेव्हा नानांनी तो खोक्यासकट तपासला होता. शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्ट घेतला, आपल्या जिन्यावरची माणसं. प्रत्येकाचा फोटो त्याच्याच दारात काढायचा. तिच्या सरांची पद्धत अशी की नुसता चांगला फोटो आणून दाखवायचा नाही. काढलेले सगळेच्या सगळे फोटो, फसलेले धरून, तिकिटाएवढे छोटे करून एका मोठ्या कागदावर छापायचे. याला ते लोक कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. मग त्या कागदावर लाल पेनानं जो फोटो ठेवायचा त्याला गोल करायचा आणि बाकीच्यांवर फुली मारायची.

नानांनी स्वतःचा फोटो काढू दिला नाही. “एक तोंडना इतला फोटो कशाले?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर तो मलाही पडला होता. माझ्या दारात कोमलनं माझे इतके फोटो काढले की शेवटी शेवटी मला माझ्याच चेहऱ्याचा संशय यायला लागला. ती म्हणाली, “टीचर, सुरुवातीला सगळे फोटोसाठी उभे असतात. कंटाळले की मग खरे दिसतात.” वरच्या जसुबेनचे तर तिनं दोन दुपारी काढले, कारण जसुबेन कंटाळतच नव्हत्या.

घोटाळा झाला तो एका संध्याकाळी. कोमल छापून आणलेले कागद घेऊन जिना चढत होती आणि नेहमीप्रमाणे चेकिंग झालं. नानांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. जसुबेनच्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल. कोमलच्या वडिलांच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. माझ्याही. नानांनी कागद तिला परत दिले. कोमल मला नंतर म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण नानांनी काहीच विचारलं नाही असं कधी होत नाही.

त्या रात्रीच्या जेवणाआधी नाना घरोघर जाऊन आले. माझ्याकडेही आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बाई, तुमना फोटोले लाल लागेल शे. सांभाळा.” मला काही अर्थबोध झाला नाही. पण खालीवर सगळ्या कंपनीत काम करणाऱ्यांना तो बरोबर झाला. इथल्या कंपन्यांत गेटच्या केबिनमध्ये कामगारांचे फोटो लावलेले असतात, आणि ज्याला काढून टाकलं त्याच्या फोटोला लाल गोल करतात. त्याला म्हणतात गेटबंद. सकाळी माणूस डबा घेऊन येतो आणि त्याला आत सोडत नाहीत, तेव्हा कळतं.

दुसऱ्या दिवशी कोमलला जिन्यावर एकही दार उघडं मिळालं नाही. जसुबेननी तिला बघून सांगितलं, “मारो फोटो काढी नाख, बेटा,” म्हणजे माझा फोटो काढून टाक, आणि कडी लावली. कोणत्या कंपनीनं तिला पाठवलंय, फोटो कुठे जाणार आहेत, सर म्हणजे नक्की कोण, असे प्रश्न इमारतभर फिरायला लागले. तिचे वडील तर हादरलेच. कंत्राटाचा माणूस, त्यात पोरीनं स्वतःच्या हातानं बापाच्या तोंडाभोवती लाल गोल केलेला. त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला. आणि ज्यांचे फोटो त्यांनी सरांसमोर हो म्हटल्याशिवाय प्रोजेक्ट घेतला जाणार नव्हता. प्रोजेक्ट नाही तर डिप्लोमा नाही, आणि आणखी एक वर्ष शिकवण्याची तिच्या घरची ऐपत नव्हती. पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली.

मी तिला घेऊन तडक नानांकडे गेले. मला राग आला होता, लपवत नाही. नानांनी साखळी न काढता दार उघडलं. कोमलनं फटीतूनच समजावलं की नाना, गोल म्हणजे चांगला, गोल म्हणजे ठेवायचा, फुली म्हणजे नको. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग लालच कशाला, हिरवा पेन नव्हता का? याचं उत्तर सरांना तरी सुचलं असतं की नाही कोण जाणे.

मग मी म्हटलं, नाना, तुम्ही साऱ्या इमारतीला घाबरवलंत. तेव्हा त्यांनी साखळी काढली. खुर्चीत बसले आणि म्हणाले, त्या केबिनमधले गोल मीच करायचो. वरून चिठ्ठी यायची, पेन माझ्या हातात. आपल्याच गावाकडची पोरं. आदल्या दिवशी कळलेलं असायचं, पण सांगायची परवानगी नव्हती. या वेळेला आधी सांगितलं. माझा राग तिथेच गळून पडला. इतक्या वर्षांत या माणसानं आम्हाला अडवलं असं मी धरून चालले होते. तो या वेळी आम्हाला सावध करत होता, हे मला समोर बसून ऐकावं लागलं.

तोड कोमलनंच काढली. तुमचा फोटो काढते, कागद छापून तुमच्यासमोर आणते, लाल पेन तुम्ही धरा, ज्याला हवा त्याला गोल करा आणि बघा काय होतं ते. नानांना ही कल्पना चेकिंगसारखीच वाटली असावी. ते तयार झाले, आणि नाना तयार झाले म्हटल्यावर कोमलच्या वडिलांनीही कॅमेरा कपाटातून काढून दिला. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या खुर्चीत बसले ते असे, की पाहणाऱ्यानं खिसे उलटे करून दाखवावेत.

कोमल फोटो काढत होती आणि नाना प्रत्येक खटक्याला प्रश्न विचारत होते. आता कशाचा काढला? आत किती मावतात? ती उत्तरं देत देत सहज, आमच्याकडे कुणालाही विचारतात तसं, विचारून गेली, “घरमा कोन कोन शे, नाना?”

या जिन्यावर आजवर प्रश्न नानांनीच विचारले होते. त्यांना कुणी एकही विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मान वळवून त्यांनी मागच्या खोलीत पाहिलं, जणू नक्की सांगण्याआधी बघून घ्यावं, आणि म्हणाले, “मी शे.”

कोमलनं बोट दाबलं.

कागद छापून आला. नानांनी लाल पेन हातात घेतला आणि एकालाही गोल केला नाही. यात मी चोर दिसतो, यात शर्ट चोर दिसतो, यात कान मोठा आलाय, परत काढ. असं दोनदा झालं. दरम्यान त्यांनी घरोघर जाऊन झाला प्रकार निस्तरला, अर्थात आपल्या पद्धतीनं. पोरीचं खरं दिसतंय, बाई खात्री देतात, मी देत नाही, असं सांगून आले. नानांचा संशय एवढा कमी झालाय म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं होतं? जसुबेननी नवी साडी नेसून परवानगी दिली. सरांसमोर सगळे हो म्हणाले. प्रोजेक्ट पास झाला, आणि नानांच्या कागदावरचा गोल शेवटी सरांनी केला, “मी शे” म्हणतानाच्या फोटोला.

इथे हे संपायला हवं होतं. पण त्यानंतरही कोमल रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन खाली जाताना दिसायची. नाना शर्ट बदलून बसलेले असायचे. खटके ऐकू यायचे आणि नानांचा आवाज, कधी गावाचा, कधी गेटचा, कधी त्यांच्या बायकोचा विषय. जसुबेनच्या म्हणण्याप्रमाणे एकदा तर ते हसले होते. मी तळमजल्यावरचं चेकिंग बरीच वर्षं सोसलंय, त्यामुळे मला वाटलं, यात काहीतरी आहे. शेवटी कोमलला जिन्यात गाठून विचारलं, पास झालीस, मग आता हे फोटो कशाचे?

“कशाचेच नाहीत, टीचर,” ती म्हणाली. “मेमरी कार्ड कॉलेजात जमा केलं. नवीन घ्यायचंय. कॅमेऱ्यात काही उतरतच नाही.”

म्हणजे तू त्या माणसाला फसवतेस, असं मी म्हटलं. मला ते खरंच आवडलं नाही. ज्यानं जन्मभर कुणावर विश्वास ठेवला नाही त्यानं शेवटी ठेवला, तो रिकाम्या कॅमेऱ्यावर.

“त्यांना माहितीय,” कोमल म्हणाली. “पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, यामा कार्ड शे का? त्यांच्याशी खोटं बोलवत नाही हो. मी म्हटलं, नाही, नाना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग कॉलर नीट केली आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे. काढ तू.”