आभाळातली शिरगणती

आमचे साडू अरविंदराव तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर तुमच्या डाव्या कानावरून वर आभाळात गेलेली असते. नवीन माणूस आधी खांदा झटकतो, मग केसांतून हात फिरवतो आणि शेवटी स्वतःच मान वळवून वर बघतो. माझ्या पुतणीच्या लग्नात, उघड्या लॉनवर मंगलाष्टकं चालू असताना, हे अक्षतांची मूठ तशीच धरून म्हणाले, "शिक्रा." भटजी क्षणभर थांबले. त्यांना वाटलं, काहीतरी म्हणायचं राहिलं.

अरविंदराव शिक्र्यासारखे शिकारी पक्षी मोजतात. पावसाळा संपला की उत्तरेकडून गरुड, ससाणे, भोवत्या अशी मंडळी नाशिकवरून दक्षिणेला जातात. शहराबाहेरच्या एका टेकडीवर बसून पाच-सहा हौशी माणसं वार वाटून घेऊन त्यांची नोंद ठेवतात. रविवार अरविंदरावांचा. पगार नाही, चहासुद्धा घरचा.

नोकरीत ते रेल्वेचे नंबर टेकर होते. मनमाडच्या यार्डात मालगाडी आली की रुळाकडेला उभं राहून एकेका वाघिणीचा नंबर वहीत उतरवायचा, हे काम. निवृत्त होऊन नाशिक रोडला राहायला आले, पण रूळ काही डोक्यातून निघाले नाहीत. टेकडीवरून दिसणाऱ्या विजेच्या टॉवरपासून देवळाच्या कळसापर्यंत त्यांनी आभाळात एक रेघ ठरवून टाकलेली. पक्षी ती ओलांडून दक्षिणेला गेला की 'पास'. नुसताच घिरट्या घालत राहिला तर 'शंटिंग'. शंटिंगवाले धरायचे नाहीत. पास झालेला माघारी आला तर आकडा एकने कमी. हा शेवटचा नियम सांगताना त्यांचा आवाज खाली येई, जणू पक्ष्याने वशिल्याने बदली रद्द करून घेतली आहे.

आणखी एक नियम होता. बघणाऱ्याने आभाळावरून नजर काढायची नाही, म्हणून लिहायला दुसरा माणूस हवा. कितीतरी वर्षं हा दुसरा माणूस म्हणजे त्यांची बायको सुलभाताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोन उन्हाळ्यांमागे त्या अचानक गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर लागला आणि वही माझ्याकडे आली. माझी पात्रता एवढीच, की रविवारी मी घरात कुणालाच नको असतो.

निघताना शैलाने, म्हणजे बायकोने, बजावलं, "भाऊजी म्हणतील ते लिहायचं. तिथे आपली अक्कल चालवू नका. आधीच एकटे पडलेत."

अक्कल न चालवणं मला चांगलं जमतं.

पहिल्याच रविवारी शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी आमच्यासमोर थांबली. "काय हरवलं का भाऊ तुमचं?"

"पक्षी मोजतोय, मावशी," मी म्हणालो.

"सरकारनं सांगितलं का?"

"नाही."

"मग कोनी सांगितलं?"

मी अरविंदरावांकडे पाहिलं. ते डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाले, "कोणी नाही. पण एवढ्या लांबून येतात, कुणीतरी बघायला नको?"

म्हातारीने वर बघितलं. "घार हाय ती. रोजचीच हाय."

"शंटिंग," अरविंदराव मला म्हणाले. "लिहू नका."

नोव्हेंबर लागला तसा आकडा चढायला लागला.

"भोवत्या, एक. लांब आहे. पास."

मी बघायचो. निळं आभाळ, खाली द्राक्षाचे मांडव, बाकी काही नाही. "कुठे?"

"दिनकरराव, तुम्ही लिहा."

मी लिहायचो. माझा चष्मा जुना, आणि पक्ष्यांमधलं माझं ज्ञान कोंबडीपाशी थांबतं. त्यांना दिसतंय म्हणजे असणार. एकदा ते म्हणाले, "हा कुठला ते कळत नाहीये. मान वळवली की हाही पुढे सरकतो. काय वेग आहे." मी 'वेगवान, एक' असं लिहिलं. एकदा त्यांनी विचारलं, "आत्ता वीज चमकली का हो?" मी म्हणालो, "दिवाळीतले फटाके उरले असतील कुणाचे." सकाळचे अकरा वाजले होते.

एका रविवारी मी त्यांच्याकडून दुर्बीण मागून घेतली आणि ते दाखवतील तिकडे रोखली. काही नव्हतं. त्या दिवशी वहीत चौदा ओळी झाल्या. मला त्यातले दोन दिसले होते. घरी येताना ठरवलं, आज बोलायचं. पण त्या संध्याकाळी मोजणाऱ्या मंडळींचे अभिनंदनाचे फोन आले, इतके पक्षी या टेकडीवरून कधी गेलेच नव्हते. अरविंदराव पेढे घेऊन आमच्या घरी आले आणि हसले. सुलभाताई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होतो. मी पेढा तोंडात टाकला. तोंडात पेढा असताना बोलता येत नाही, ही सबब मी पुढचे तीन रविवार वापरली.

डिसेंबरात एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यावर खालून काळा पडदा चढत आला. आम्ही रिक्षाने डोळ्यांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मा चढला होता. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, जागेवरून सुटला होता. ऑपरेशन झालं, पण उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजोबा, आधी काळे ठिपके दिसत होते का? तरंगणारे? मधेच वीज चमकल्यासारखं? तेव्हाच आला असता तर डोळा वाचला असता."

"ठिपके होते ना," अरविंदराव म्हणाले. "पण ते मी पक्ष्यांत धरले."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा राहिलो, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. माझी नजर चांगली आहे असं त्या दिवशी सिद्ध झालं.

जानेवारीत त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझी वही होती. "तुम्हाला जे दिसले नव्हते ते खोडा. खोटा आकडा पुढे जायला नको."

"अरविंदराव, मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

ते उठले, चाचपडत फळीवरून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि एक माझ्यापुढे उघडली. सुलभाताईंचं गोल, ठसठशीत अक्षर. पानापानावर ओळी खोडलेल्या, आणि समासात एकेक शेरा. 'नाही.' 'हीच मघाची.' 'कावळा.' 'अहो, काही नाहीये तिथे.' एके ठिकाणी नुसतंच 'पुरे.'

"भांडायची माझ्याशी," ते म्हणाले. "मी म्हणायचो पास, ती म्हणायची शंटिंग. टेकडीवरून खाली उतरेपर्यंत बोलायची नाही माझ्याशी. दिवसाला आठ-दहा तरी खोडायचीच."

त्यांनी वहीवरून हात फिरवला.

"यंदा पूर्ण हंगामात एकही खोडला गेला नाही. मला वाटलं, माझी नजर सुधारली."

मी पेनाचं टोपण काढलं, आणि दोन महिने उशिराने पहिली ओळ खोडली.