ह्यात काय चालत न्हाई?

हुमनाबाद शहर व परिसरातील समस्त जुने लॅपटॉप विक्रेते, दुरुस्तीवाले आणि त्यांचे शेजारी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतील श्रीमती शांताअक्का यांचा लॅपटॉप अत्यवस्थ असून त्या कोणत्याही क्षणी दुसरा बघायला घराबाहेर पडतील. ज्यांना शटर ओढून घेणे शक्य आहे त्यांनी ते ओढून घ्यावे. ज्यांचे शटर गंजले आहे त्यांनी माझ्या दुकानी यावे, तेल मिळेल.

ही सूचना मी मागे माझ्या दुकानावर लावली होती, आणि ती थट्टा आहे असं ज्यांना वाटलं, त्यांनी अक्कांना गिऱ्हाईक म्हणून पाहिलेलं नव्हतं. साधं गिऱ्हाईक दुकानात जातं आणि ह्यात काय काय चालतं ते विचारतं. अक्का पायरी चढल्या चढल्या विचारतात, "ह्यात काय चालत न्हाई?"

दुकानदार आधी हसतो. मग छातीवर हात ठेवून सांगतो की सगळं चालतं. मग अक्का कमरेची चंची सोडतात. त्या वयाच्या बायकांच्या चंचीत सुपारी आणि कात असतो. अक्कांच्या चंचीत पेनड्राइव्ह असतो. तो लॅपटॉपला लावून त्या मशीन बंद करून चालू करतात, आणि दुकानदाराच्या ओळखीचा पडदा जाऊन तिथे भलतंच काहीतरी उगवतं. इथपर्यंत दुकानदाराचं हसू टिकत नाही. आमच्या गावातल्या एकाने तर "अक्का, माझ्या पोटावर पाय देऊ नका" म्हणून हात जोडले होते. त्याच्या मशीनला काही झालेलं नव्हतं. पेनड्राइव्ह काढला की सगळं पूर्ववत होतं. पण ते त्याला कळेपर्यंत त्याचं अर्धं रक्त आटलं.

हे जे भलतंच उगवतं ती अक्कांची सिस्टीम. जगात सगळीकडे चालते ती नव्हे. जगभरातल्या हौशी मंडळींनी रिकाम्या वेळात बांधलेली, फुकट वाटलेली, आणि आमच्या तालुक्यात एकटीच बाई वापरत असलेली. लोकांसारखी सिस्टीम का घेत नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं. "त्या मोठ्या लोकांची सिस्टीम न इचारता अपडेट होती," अक्का म्हणाल्या. "पाव्हना बी इचारून येतो."

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे खिळे, कोयंडे, नळाच्या तोट्या आणि पत्र्याचे हूक. एवढ्या एका शब्दावर अक्कांनी मला आपला सल्लागार नेमलं. माझ्या गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी मला जे शिकवलं त्याचं सार असं की, ह्या सिस्टीमसाठी मशीन निवडणं आणि मुलीसाठी स्थळ बघणं यात फारसा फरक नाही. फार नवं मशीन घेतलं तर सिस्टीम त्याचे भाग ओळखत नाही. फार जुनं घेतलं तर आजकालची वेबपानं एवढी जड झालीत की एक पान उघडलं की मशीनला धाप लागते. तेव्हा मधल्या वयाचं, मेमरी बऱ्यापैकी, मोठ्या कंपनीच्या ऑफिसात वापरून टाकलेलं आणि पेन्शनीत बसणारं बघायचं. एवढं जमलं तरी वायफायच्या कार्डाची जात बघायची. एका जातीचं असेल तर लाइन लागते. दुसऱ्या जातीचं असेल तर डोकं आपटलं तरी लागत नाही.

लाइन हा अक्कांचा शब्द. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ठाणाकुशनूरच्या अडत्याला हैदराबादच्या पेढीशी आणि निर्णा गावच्या आईला उदगीरच्या लेकीशी जोडून देण्यात त्यांची नोकरी गेली. अजूनही नळाला पाणी आलं की त्या म्हणतात लाइन लागली. नव्या सुनेचं सासूशी पटलं तरी म्हणतात लाइन लागली.

घरात त्या एकट्या. नवरा, सिद्रामअप्पा, गेले तेव्हा मुलगा महेश जर्मनीत होता. तो पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. दारात, भरल्या माणसांत, अक्का त्याला म्हणाल्या, "आता कुनासाठी आलास? लाइन तुटली." तो बॅग न उघडता परत गेला. त्यानंतर त्या घरात त्याचा फोन वाजला नाही आणि अक्कांनीही लावला नाही. गल्लीत हा विषय कुणी काढत नाही. मीही इथेच सोडतो.

तर लॅपटॉप. अक्का तो टेबलावर कधीच ठेवत नाहीत. घरात चांगलं टेबल असताना खाली पाट घेऊन बसतात आणि लॅपटॉप उघड्या शहाबादी फरशीवर ठेवतात. कामून म्हणून विचारलं तर, "तिकडून तसं सांगितलंय." तिकडून म्हणजे सिस्टीम बांधणाऱ्या मंडळींकडून. अक्का त्यांना तक्रारी लिहायच्या. अमुक चालत नाही, तमुक अडतं, असं नेमक्या, तारेसारख्या तुटक इंग्रजीत. तिकडून उत्तर यायचं की अमुक करून पाहा आणि कळवा. अक्का करून पाहायच्या आणि कळवायच्या. ज्या दिवशी उत्तर यायचं त्या दिवशी माझ्या दुकानात चहा अक्कांचा.

शेवटची तक्रार अशी होती की झाकण लावलं की मशीन झोपतं आणि उघडलं की उठत नाही. त्यावर तिकडून दुरुस्ती आली होती. बसवून बघा, उठतं का ते कळवा, असं उत्तर आलं होतं. आणि नेमकं त्याच दुपारी मशीनच्या पडद्यावर पांढरे पट्टे आले.

मी गेलो तेव्हा अक्का फरशीवर बसल्या होत्या. बिजागरीला कपड्याचा चिमटा लावलेला. पंखा असा किंचाळत होता की शेजारणीने कुकर बंद करायला सांगितलं. अक्कांनी मला हातानेच थांबवलं. दुरुस्ती बसत होती. मग पट्टे वाढले, पडदा दुधासारखा पांढरा झाला, आणि किंचाळणं एकदम थांबलं. ती शांतता मला अजिबात आवडली नाही.

"गेलं," अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, मोबाइलवरून लिहा की. तर नाही. मशीनमधून जे दिसतं तेच पाठवावं लागतं, तोंडी सांगितलेलं चालत नाही. आणि उत्तर गेलं नाही तर ते लोक तक्रार बंद करून टाकतात. हे सांगताना अक्कांचा आवाज मी ओळखला नाही. एक्स्चेंजमध्ये कोणाचा तरी महत्त्वाचा कॉल अर्ध्यात कापला गेला की तसा आवाज होत असेल.

गावात त्यांना कुणी उभं करेना. शेवटी दुसऱ्या दिवशी आम्ही कलबुर्गीची बस धरली. मेलेलं मशीन बदल्यात द्यायला बरोबर घेतलं. त्यातली डिस्क अक्कांनी आधीच काढून चंचीत टाकली होती. वाटेत लॉऱ्यांची रांग लागली. बस थांबली की अक्का खिडकीतून मान बाहेर काढून ड्रायव्हरला कानडीत आणि लॉरीवाल्यांना दखनीत समजावत होत्या. "बंद करतेत रे नागू," मध्येच मला म्हणाल्या. "उत्तर न्हाई गेलं की बंद करतेत."

कलबुर्गीतलं खाजाभाईंचं दुकान अरुंद होतं आणि त्यात जुने लॅपटॉप भाकऱ्यांसारखे रचलेले होते. अक्कांनी पायरी चढताच आपला प्रश्न टाकला. खाजाभाई म्हणाले, "अम्मा, सब चलता. नक्को चलता वैसा माल मैं रखताच नै."

चंची सुटली. पहिलं मशीन पेनड्राइव्ह बघून तसंच काळं राहिलं. दुसरं चालू झालं, पण ब्राउझर उघडला आणि थिजला. तिसऱ्याला लावलं आणि करंट गेला. त्या बोळासारख्या दुकानात पंखा थांबला, आणि खाजाभाई घाम पुसत माझ्याकडे असे बघू लागले की ह्या बाईला कुठून आणलं. त्यांनी मला हळूच विचारलं, अम्मा सरकारी तपासणीवाल्या आहेत का. मी म्हटलं, त्याहून वरच्या.

करंट आला. तिसऱ्या मशीनवर अक्कांची सिस्टीम उगवली. खाजाभाईंनी नेटची वायर दिली. ब्राउझर उघडला, पान उघडलं, दुसरं उघडलं, धाप नाही. अक्कांनी झाकण लावलं. झाकण उघडलं. पडद्यावर उजेड आला.

"हे उठतंय," अक्का म्हणाल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी आनंदाने म्हणाल्या.

मग त्यांनी वायर काढली आणि वायफाय शोधायला लावलं. काही नाही. परत लावलं. काही नाही. खाजाभाईंचा चेहरा पडला आणि अक्कांचा उजळला. माझ्या डोळ्यांसमोर उजळला, म्हणून सांगतो. नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

"लाइन लागंना," त्या म्हणाल्या. "हेच द्या."

"अम्मा, वायफाय नै चलता उसमें," खाजाभाई प्रामाणिकपणे म्हणाले.

"व्हय. माझ्या घरी वायर हाय."

हे मला सहन झालं नाही. एवढी धावपळ करून लंगडं मशीन घरी न्यायचं? उद्या वायर उंदराने कुरतडली की पुन्हा मलाच हाक. पण अक्कांसमोर बोलायची सोय नव्हती. सुदैवाने कलबुर्गीला येऊन कडक भाकरी न घेता परत जाणं त्यांना मान्य नव्हतं. त्या समोरच्या दुकानात भाकऱ्या निवडायला गेल्या. एकेक भाकरी वाजवून घेण्याची त्यांची पद्धत मला माहीत होती. मी खाजाभाईंच्या कानाला लागलो. मेलेल्या मशीनमध्ये वायफायची लाइन लागत होती, म्हणजे त्यातलं कार्ड बरोबर जातीचं. ते काढा आणि ह्यात घाला. खाजाभाईंना दुकानाच्या नावाला डाग नको होताच. त्यांनी पेचकस घेतला. एक स्क्रू टेबलाखाली पडला, तो मी गुडघ्यांवर बसून शोधला. समोर अक्का पदरात भाकऱ्या घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. मध्ये एक म्हैस आली म्हणून आम्ही वाचलो. अक्का पायरी चढल्या तेव्हा झाकण बंद होतं आणि खाजाभाई छताकडे बघत होते.

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होतो. अक्काही खुशीत होत्या. दोघांची खुशी वेगवेगळ्या गावची होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी पाय धुतले, पाट घेतला, मशीन फरशीवर ठेवलं आणि चंचीतली डिस्क त्यात बसवली. वायर जोडायला हात पुढे केला, तेवढ्यात मी म्हटलं, "अक्का, एकदा बिनवायरीचं बघा की." आणि जादूगारासारखा हाताची घडी घालून उभा राहिलो.

लाइन लागली. एका दमात.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आवाज लावून पाहिला, तो आला. झाकण लावून उघडलं, मशीन उठलं. बँकेचं पान, जे कधी धड उघडलं नव्हतं, ते खालपर्यंत उघडलं. मी टाळ्यांची वाट बघत होतो. मी अभिमानाने सांगूनही टाकलं की कार्ड मीच बदलायला लावलं.

अक्कांनी तक्रारींचं पान उघडलं. मी शेजारी उकिडवा बसलो, म्हणून मला ते दिसलं. खाली खाली जाणारी लांबच लांब प्रश्नोत्तरं. तक्रार करणाऱ्याचं नाव प्रत्येक वेळी एकच, ऑपरेटर. उत्तर देणाराही प्रत्येक वेळी एकच. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, पण महेश कुठल्याही अक्षरांत वाचता येतं. वायफायच्या तक्रारीबद्दल आभार, असं करून पाहा, आणि कळवा. आवाजाच्या तक्रारीबद्दल आभार, तसं करून पाहा, आणि कळवा. मधेच एका उन्हाळ्यातल्या उत्तरात लिहिलं होतं, मशीन फार तापत असेल तर टेबलावर ठेवू नका, शहाबादी फरशीवर ठेवा.

जर्मनीत बसून शहाबादी फरशी कुणाला सुचते, हे मी विचारलं नाही. अक्कांनीही कधी विचारलं नसणार.

"ही झोपेची तक्रार?" मी म्हटलं.

"ती त्या मशीनची हुती. मशीन गेलं, तक्रार गेली." त्यांनी तसं लिहिलं. मशीन मेले. तक्रार बंद करावी. आभारी आहे. तारेसारखंच. मग बोटं तशीच अक्षरांवर ठेवून बसल्या. खाली नव्या तक्रारीची रिकामी चौकट उघडी होती आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत होती.

"सगळंच चालायलंय की रे नागू," अक्का म्हणाल्या. "आता त्याला काय लिहू मी?"

शहाण्या माणसाने इथे काय बोलावं ते मला आज सुचतं. जेवलास का, एवढंच लिहा, असं म्हणता आलं असतं. पण माझं दुकान खिळ्यांचं आणि कोयंड्यांचं. डोकं चालायच्या आधी तोंड चालून गेलं:

"अक्का, पेचकस आणू का दुकानातून? काहीतरी बिघडवू."